पाऊण टाकी

“हात दाखव.”

सहदेव ड्रायव्हरनं हात पुढे केला. उत्तमराव मिस्त्रीनं तो सरळ नाकाशी नेऊन हुंगला.

“पेट्रोलचा वास येऊन राहिला.”

“ड्रायव्हरच्या हाताले मंग अत्तराचा येईन का, भाऊ?”

अकोल्यात मोर्णेच्या पुलाजवळ उत्तमराव मोटारींचं वायरिंग दुरुस्त करायचा. देवाला हात जोडतानाही त्याची नजर देवळातल्या वायरिंगवर असे. दिसायला सगळ्याच वायरी सज्जन, पण पोटात काय आहे ते उघडल्यावर कळतं, असं त्याचं मत होतं. हा संशय धंद्याला फार उपयोगी. तो माणसांनाही लावावा का, याचा विचार मात्र त्यानं कधी केला नव्हता.

आजची गाडी कापसातली सरकी काढायच्या जिनाचे मालक खुशालराव यांची होती, जुनी विलायती. तिच्या डॅशबोर्डावरचा पेट्रोलचा काटा सकाळी सहदेवला पाऊण टाकी दाखवायचा आणि संध्याकाळी खुशालरावांना कधी अर्धी, कधी त्याहून कमी. मग गाडी दिवसभर जिनाच्या फाटकातून हलली नसली तरी. खुशालरावांनी आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी सहदेवला बजावलं: मिस्त्रीकडे ने, काटा ठीक निघाला तर चोर तू. मग या गावात तुझ्या हाती स्टेअरिंग कोण देतो ते मी बघतो. सहदेव पलटणीत ट्रक चालवून आलेला, चार वर्षं याच गाडीवर.

काटा ठीक निघत होता, हीच तर पंचाईत. उत्तमरावनं वायरी ओढून पाहिल्या, गाडी हलवली, बोर्डावर बुक्क्या मारल्या. काटा पाऊण टाकीवर ढिम्म.

सहदेवच्या हातात खुणा कोरलेली बांबूची पट्टी होती. ती त्यानं टाकीत बुडवून वर काढली. “पाहा, पाऊण. संध्याकाळीबी पट्टी पाऊणच दाखवते.”

“मालकाले दाखवली?”

“दाखवली. म्हणे, पट्टी तुही, खुणाबी तुह्याच.”

दुपार उलटली तेव्हा उत्तमराव गाडीतून बाहेर आला. “सहदेवा, वायर साफ हाये. आता तूच खरं सांगून टाक.”

सहदेव पट्टी पुसायचा थांबला. “तुमीबी?”

उत्तमराव नजर चुकवून पक्कड पेटीत टाकू लागला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “मालक काटा पाह्यतात केव्हा?”

“दिवेलागणीले. शेडात अंधार रायते ना. बोर्डावरचा दिवा लावून पाह्यतात.”

उत्तमरावच्या हातून पक्कड पडली. तो पुन्हा आत घुसला, दिव्याचं बटण दाबलं, आणि काटा हळूहळू खाली येत अर्ध्यावर बसला. बटण बंद केलं, काटा पुन्हा पाऊणवर.

दिव्याची आणि काट्याची अर्थिंग बोर्डामागच्या एकाच स्क्रूवर होती आणि तो गंजला होता. दिवा लागला की काट्याची वीज अडायची. खुशालराव चोरी पाहायला दिवा लावत, आणि दिवा लावला म्हणूनच चोरी दिसे!

पंचवीस वर्षांच्या सवयीनं उत्तमरावचा हात आपोआप चालला. स्क्रू काढला, पॉलिशपेपरनं पत्रा लख्ख घासला, स्क्रू कचकचून आवळला. दिवा लावला. काटा जागचा हलला नाही. तो खूश होऊन हसला.

सहदेव हसला नाही. “भाऊ, काहून आवळला? मालकाले पयले दाखवाचा होता ना!”

उत्तमरावचं हसणं तिथंच थांबलं.

दोघं गाडी घेऊन जिनात गेले. उत्तमरावनं जीव तोडून सगळं सांगितलं. खुशालरावांनी दिवा लावला. काटा पाऊणवर. उत्तमरावनं स्क्रू ढिला केला, तरी पाऊणवरच. घासलेला पत्रा आता वीज अडवायला तयार नव्हता. शेवटी त्यानं स्क्रूच काढला, तेव्हा काटा धाडकन तळाशी गेला.

“स्क्रू काढला तर कोन्ताबी काटा पडन, मिस्त्री.” खुशालराव शांतपणे म्हणाले. “मी बोललो आन् काटा सुदरला. मले समजते. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून या लोकायची मान लई ताठ झाली. जाऊ दे. ठेवतो त्याले. आता नाई करनार तो.”

“काय नाई करनार, मालक?” सहदेवनं विचारलं.

“जे करत होता ते. माफ केलं म्हनतो ना!”

सहदेवनं पट्टी टाकीत बुडवली आणि त्यांच्यापुढे धरली. पाऊण. खुशालरावांनी तिकडे पाहिलंही नाही. मग सहदेवनं पट्टी पुसली, गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि पट्टी काखेत मारून तो फाटकाबाहेर पडला.

पुलापर्यंत उत्तमराव त्याच्या मागोमाग चालत होता. त्याला ‘चुकलं’ म्हणायचं होतं. स्क्रूबद्दल म्हणायचं की दुपारच्या बोलण्याबद्दल, हे ठरेपर्यंत सहदेव जुन्या शहराच्या गल्लीत वळला.

घरी बायकोनं, दुर्गाबाईनं, भाकर वाढली आणि नाकाला पदर लावला. “हात धुतले का नाई? पेट्रोलचा वास येऊन राहिला हाताले.”

उत्तमराव उठला. मोरीवर जाऊन त्यानं साबणानं हात धुतले, नाकाशी नेले, आणि पुन्हा धुवायला बसला. ताटातली भाकर गार होत होती.