डावा स्पीकर

बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, तिच्यातून निघालेली एकच काळी तार, आणि डबी एका स्क्रूने गाडीच्या अंगाला कसलेली… कंडेन्सर. साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा. डॅशबोर्डखाली उताणा पडून, पाय दाराबाहेर सोडून, टॉर्च दातांत धरून तो त्याच्याकडे बघत राहिला, कारण काल संध्याकाळी हा इथे नव्हता. डायनॅमोच्या तारेला तो जोडला होता आणि जोडावर नुसती टेप होती. नुसती टेप! टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो आणि वर्षभरात जोड उघडा पडतो, म्हणून चौतीस वर्षं तो प्रत्येक जोडावर टेप आणि टेपवर मेणाच्या दोऱ्याचे दोन वेढे घालत आला होता. या गॅरेजात दोरा न बांधणारा माणूस एकच होता – बायकोचा धाकटा भाऊ.

म्हणजे काल मी घरी गेल्यावर हा या गाडीत शिरला.

त्याने टॉर्च तोंडातून काढून छातीवर ठेवली. डायनॅमोची शिट्टी स्टिरिओत शिरते, इंजिन वाढवावं तशी चढत जाते, ती मारायला असा कंडेन्सर घालतात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण शिट्टी नव्हतीच! काल दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून, मान तिरकी करून त्याने ऐकलं होतं… नव्हती. नसलेल्या रोगावर औषध कोण देतं? ज्याला आधीच्या वैद्याचं नाव खराब करायचं आहे तो. उद्या गाडीचे मालक, मास्तर, येतील, मेहुणा हसत हसत सांगेल, जरा शिट्टी राहिली होती, मी काढली… आणि ते 'जरा' असं काही म्हणेल की ऐकणाऱ्याला बरोबर कळावं.

एके काळी गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणायची. गाडी फाटकातून आत यायच्या आधी तो हातातलं काम न सोडता सांगायचा, डायनॅमोचं बेअरिंग गेलंय, आणि उघडून बघावं तर गेलेलंच असायचं. मेहुण्याला अठरा वर्षांपूर्वी त्यानेच हाताला धरून इथे आणलं, तारांचे रंग शिकवले, शॉक बसल्यावर पाठीवर थाप मारली. आता मेहुणा टेबलामागे बसतो, फोन घेतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही. कानसेन हा शब्द तर गेल्या दोन वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पाणी कुठेतरी मुरत होतं. त्याशिवाय माणसं अशी तोंडातल्या तोंडात बोलत नाहीत. तो जवळ आला की मेहुण्याचा आवाज खाली जातो. घरी बायको स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटते, 'काय?' म्हटलं की 'काही नाही' म्हणते. आणि मागच्या आठवड्यात तो बॅगवाला माणूस आला होता – कोण, कुठला, कोणी धड ओळख करून दिली नाही – त्याने याच्या तोंडासमोर येऊन 'नमस्कार! कसे आहात!' असं ओरडून विचारलं, नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं. मग ऑफिसात तिघं बसले. तिघं, कारण बायकोही होती, दुपारी चारला, जी एकच्या डब्याशिवाय गॅरेजात कधी पाऊल टाकत नाही. ऑफिसचं दार उजव्या हाताला ठेवून तो सहज म्हणून पुढे गेला तेव्हा त्याला एवढंच ऐकू आलं: "पण त्यांना सांगायचं कोणी?"

त्यांना म्हणजे मला. दुसरं कोण आहे?

जागा सासऱ्यांची. अर्धी भागीदारी शब्दावर, आणि तो शब्द देणारे सासरे वर गेलेले. त्यात परवा बायको म्हणाली, "गुरुवारी दुपारी काम घेऊ नका, एके ठिकाणी जायचंय." कुठे, असं त्याने विचारलं, तेव्हा ती पाठ करून काहीतरी बोलली. त्याने परत विचारलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारणारा माणूस लाचार दिसतो. पण रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर एक कागद होता, कागदाच्या खाली फुली आणि फुलीशेजारी त्याची सही… चौतीस वर्षं, आणि शेवटी एक सही.

तो उठून बसला. ते सगळं गुरुवारी. आज मास्तरांची गाडी.

गाडी साठ वर्षांची, सायीच्या रंगाची. मास्तर निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झालेली, आणि त्यांची अट एकच: डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. म्हणून त्याने स्टिरिओ समोरच्या कप्प्यात दडवला होता, झाकण लावलं की बाहेरून गाडी जशीच्या तशी. स्पीकर दोन्ही बाजूंना पायांशी. या जुन्या गाड्यांचा संसारच उलटा, बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. नव्या पद्धतीने तारा लावल्या की स्टिरिओचा पहिल्याच मिनिटाला धूर. ते सगळं त्याने परवाच सुलटं केलं होतं, बॅटरी फिरवून, डायनॅमोला नवी दिशा कळावी म्हणून ठिणगी देऊन. हे ज्याला जमतं त्याच्यामागून कंडेन्सर लावत फिरायचं!

"आम्ही दोघं आता गाडीत फारसं बोलत नाही हो," मास्तर म्हणाले होते. "बोलून संपलं असेल. गाणं असलं की तेवढाच आधार." तो त्यांच्याबरोबर हसला होता. आमच्याकडेही तेच आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. पूर्वी बायको गॅरेजच्या फाटकापासून घरापर्यंत बडबड करायची, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची, कोणाचं दुकान बंद झालं, कोणी रंग दिला… दोन वर्षं झाली, शेजारी बसते आणि गप्प. कधी त्याने मान वळवली तर ती नुकतीच खिडकीकडे वळलेली असायची. ज्या बाईच्या मनात काही नाही ती अशी गप्प बसत नाही, असं त्याला वाटे, आणि तो वेग वाढवी.

त्याने कंडेन्सर काढला आणि सीटवर ठेवला. स्टिअरिंगमागे बसून इंजिन चालू केलं, रेडिओ लावला. एक बाई हवामानाबद्दल बोलत होती. इंजिन वाढवलं, कमी केलं, परत वाढवलं. शिट्टी नाही. बघा! त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच त्याच्या लक्षात आलं की बाई सगळी उजवीकडून बोलते आहे.

त्याने आवाज पूर्ण डावीकडे नेला. बाई शेजारच्या खोलीत गेली.

म्हणजे तिथेही हात लागलेत… त्याने इंजिन बंद केलं. कामाची एक रीत असते आणि रीतीपुढे कोणाची लबाडी टिकत नाही. स्टिरिओमागे त्याने तारांची अदलाबदल केली, डावीची उजवीला, उजवीची डावीला. दोष उजवीकडे सरकला तर स्टिरिओ वाईट. दोष सरकला नाही. मग स्पीकर. आठ स्क्रू काढून त्याने दोन्ही स्पीकरही बदलले, या पायाचा त्या पायाशी. दोष डावीकडेच. मग राहिली तार. त्याने नवी कोरी तार ओढली, मीटर लावून पाहिली, सुई दोन्हीकडे सारखी. रेडिओ लावला. आता एक पुरुष बातम्या सांगत होता आणि तोही शेजारच्या खोलीतून.

हे होऊच शकत नव्हतं. त्याने वाकून डाव्या स्पीकरच्या कागदावर बोटाचं टोक ठेवलं. कागद थरथरत होता. उजव्यावर ठेवलं. तेवढाच. बोटांना दोन्ही सारखे होते, आणि बोटांनी त्याला आयुष्यात कधी फसवलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसून त्याने परत इंजिन चालू केलं, उगाचच, काहीतरी करायचं म्हणून.

"शिट्टी परत आली की भावोजी!" उजव्या खिडकीत मेहुण्याचं तोंड आलं. मग त्याची नजर सीटवरच्या कंडेन्सरवर गेली आणि चेहरा उतरला.

"कसली शिट्टी?"

"काही नाही… मला आपलं वाटलं."

"हा तू लावलास?"

"हो. म्हटलं, मास्तरांना उगाच बोलायला जागा नको."

"मला न सांगता?"

मेहुण्याने खिडकीची कड धरली. या माणसाला शिव्या खायची सवय होती, खोटं बोलायची नव्हती, ते त्याच्या तोंडावर दिसायचं. "सांगितलं होतं भावोजी. काल जाताना. तुम्ही हात धूत होतात, मी शेजारीच उभा होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं रागावलात."

नळ कोपऱ्यात आहे. उजव्या हाताला भिंत. तिथे हात धुणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं तर डावीकडेच राहावं लागतं…

"जा, बघ तो फोन वाजतोय," तो म्हणाला. फोन वाजत नव्हता. किंवा वाजतही असेल. मेहुणा गेला.

मग छप्पन्न वर्षांच्या माणसाने करू नये अशी गोष्ट त्याने केली. सीटवर गुडघे टेकले, पाठीला धरून उलटा झाला, तोंड मागच्या काचेकडे, लहानपणी बापाच्या गाडीत बसायचा तसा. बातम्या चालू होत्या. आवाज त्याने मघाशीच मध्यावर आणला होता. आणि आता मेला होता तो उजवा स्पीकर. डावा खणखणीत बोलत होता.

त्याच्याबरोबर दोषही फिरला होता. स्टिरिओ, स्पीकर, तार, मेहुणा, सगळ्यांना सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्याची आई म्हणायची, आणि त्याला एकदम हसू आलं, पण ते पूर्ण आलं नाही.

खाली उतरून तो पलीकडे गेला, दार उघडलं, गुडघ्यावर बसून उजवा कान डाव्या स्पीकरला लावला. बातम्यांच्या मागे, खूप बारीक, सुईसारखी… होती. शिट्टी होती. या स्पीकरची तार त्यानेच, दोन्ही वेळा, डायनॅमोच्या तारेला चिकटून नेली होती, शिकाऊ माणूस करतो ती चूक, आणि ऐकून पाहिल्यावर कोणीही सुधारतो ती.

त्याने इंजिन बंद केलं. कंडेन्सर होता तिथे परत बसवला, टेप गुंडाळली, आणि टेपवर मेणाच्या दोऱ्याचे दोन वेढे घातले. बोटांना ते न बघता जमलं. एवढं तरी.

तो परत स्टिअरिंगमागे बसलेला असतानाच बायको डबा घेऊन आली. याला बाहेर यायचा कंटाळा दिसतोय असं वाटून ती डावीकडचं दार उघडून आत बसली, डबा मांडीवर. इंजिन बंद, रेडिओ बंद. तो समोर काचेकडे बघत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला तिचे ओठ हलताना दिसले. मोकळेपणाने, चोरून नव्हे, माणूस रोज बोलतो तसे. आवाज पोचला तो पाण्याखालून आल्यासारखा. त्याने मान वळवली, तशी ती खिडकीकडे वळली. उत्तर न मिळालेलं माणूस वळतं तशी. हे त्याने दोन वर्षं पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी वेग वाढवला होता.

आमच्या गाडीतही तिची जागा डावीकडचीच आहे.

तो उतरला, पुढून वळसा घालून तिच्या दाराशी आला. "तिकडे सरक."

"मला कुठे येते चालवायला?"

"चालवायची नाहीये. बस नुसती."

ती पदर आणि डबा सावरत स्टिअरिंगमागे सरकली. तो तिच्या जागी बसला. आता ती त्याच्या उजवीकडे होती.

"हं. आता बोल."

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात शेवटी येणारी ती जराशी घोगरी कड त्याला ऐकू आली, जी तो विसरला होता… विसरला आहे हेही विसरला होता.

"मघाशी काय म्हणालीस ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "काही विशेष नाही हो. रोज म्हणते तेच."

रोज! रोज काय म्हणत असेल ही? गुरुवारी कुठे जायचंय ते तिने परवा सांगितलंच असेल, पाठ करून, सरळ, लपवण्यासारखं काही नसल्यासारखं. आणि तोंडासमोर येऊन ओरडणारा तो बॅगवाला, तो बहुतेक कानाची यंत्रं विकणाराच असणार. आता विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येणार होतं, या कानाने ते नीट ऐकू येणार होतं, आणि मग मेहुण्यावर रागवायला, बॅगवाल्यावर डोळा ठेवायला, कशालाच जागा उरणार नव्हती. कट असता तर बरं झालं असतं. कटाशी भांडता येतं, वकील करता येतो, सही नाकारता येते… त्याला भीती वाटली, साधी, उघडी भीती, आणि तिच्याखाली इतकी लाज की त्याला तिच्याकडे बघवेना.

त्याने तोंड समोरच्या काचेकडे केलं आणि उजवा कान तिच्याकडे राहू दिला.

"अहो, काय झालंय?" ती म्हणाली.

"काही नाही. त्या पाट्या वाच."

"कुठल्या पाट्या?"

"समोरच्या. फाटकापलीकडच्या."

तिला वाटलं असेल, याचं डोकं फिरलं. पण तिने डबा गुडघ्यांवर नीट ठेवला, डोळे बारीक केले, आणि रस्त्यापलीकडची पहिली पाटी वाचायला लागली, शिंपी, वर नवा रंग, मग कुलपं-किल्ल्या, मग एक बंद दुकान आणि ते का बंद झालं ते… तो ऐकत होता. मघापर्यंत त्याला ती काय बोलेल याची भीती वाटत होती. आता ती कुठल्याही पाटीपाशी थांबेल, याची वाटायला लागली होती.