रिकाम्या टाकीची अंघोळ

हवानात सकाळी दहाला वीज गेली आणि माशासाठी तयार केलेल्या काचेच्या टाकीचा पंप थांबला. ओनेलियाने लगेच पंपाच्या गाळणीतला स्पंज काढून पाण्यावर तरंगत ठेवला आणि ती त्यावर वाटीने पाणी ओतायला लागली. माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात रुजायला एकोणीस दिवस लागले होते. ते हवेवाचून मेले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि टाकी तयार होईपर्यंत बरणीत ठेवलेला लाल मासा तोवर टिकला नसता.

"रिकाम्या टाकीला अंघोळ कसली घालतेस, सूनबाई?" सासूबाई नेरेइदा म्हणाल्या.

"रिकामी नाहीये, आई."

"मला तर चष्म्यातूनही काही दिसत नाही बाई."

"मलाही नाही दिसत. म्हणून तर हात थांबवायची भीती वाटते."

वीज दोनला आली. तिने पाण्यात चिमूटभर खाद्य टाकलं; ते कुजून अमोनिया सुटला आणि जिवाणू जिवंत असले, तर सकाळपर्यंत ते तो पचवणार होते. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी परीक्षानळीत घेतलेल्या टाकीच्या पाण्यात तिने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं औषध टाकलं. अमोनिया असता तर पाणी पिवळं झालं असतं. ते नितळच राहिलं. तिने मासा टाकीत सोडला.

"आता तरी बस घटकाभर," सासूबाई म्हणाल्या.

"बसते हं," ओनेलिया म्हणाली आणि पंपाकडे बघत उभीच राहिली.