दोन खोट्या नोझलचा इंजेक्टर

मित्रांनो, मी शर्यतीच्या गाडीचा एक जुना इंजेक्टर आहे, असे माझा विक्रेता सांगत असे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. हवे तर माझ्याही ठेवू नका, कारण माझे सारे आयुष्य संशयातच गेले आहे.

माझा जन्म कॅलिफोर्नियातला, ओतीव ॲल्युमिनियमचा. सरळ पट्टीवर सुटल्यासुटल्या संपणारी शर्यत असते ना, तिथल्या गाडीच्या इंजिनावर मी बसत असे. वरून हवा घ्यायची आणि नोझलमधून इंधन फवारायचे, हे माझे काम. नायट्रो नावाच्या त्या जहाल इंधनाच्या धुराने लोकांचे डोळे चुरचुरत, तरी ते जवळ येत. मला स्वतः बनवणारा माझा मालक ऑर्व्हिल टॅकेट मला फार जपे. मात्र फेरी संपली रे संपली की तो माझ्यावर जाड फडके टाकी. नोझल किती आणि कुठे, हे शेजारच्याला दिसता कामा नये. शेजारीही तेच करत. सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघत.

पुढे ऑर्व्हिलचे गॅरेज विकले गेले आणि सामानाच्या खोक्यातून मी परक्या हाती पडलो. वर्षानुवर्षे धूळ खाल्ली. शेवटी ड्वेन नावाच्या विक्रेत्याने मला उचलले आणि चकाचक पॉलिश केले. ऑर्व्हिलने माझ्या अंगावर कोरलेली खूण त्यात पार घासून गेली. ड्वेन म्हणे, गिऱ्हाइकाला चकाकी लागते. मला वाटते, त्याला ती खूण नकोच होती.

एका रविवारी जुन्या भागांच्या बाजारात ऑर्व्हिल आला. खूप वाकला होता बिचारा. बरोबर मुलगी लोर्ना होती. तिने त्याची जुनी गाडी पुन्हा जुळवत आणली होती. त्याचे कान झपाट्याने जात चालले होते, आणि ते पुरते जाण्याआधी ते इंजिन त्याला एकदा ऐकवायचे, एवढीच तिची धडपड होती. दुसरा इंजेक्टर बसवू म्हटले तर म्हातारा ऐकेना.

त्याने मला उलटसुलट केले. एवढी चकाकी त्याला खटकली. मग त्याने खिशातून तार काढली आणि एकेका नोझलच्या भोकात घातली. दोन ठिकाणी ती अडली. ती दोन नोझल दिखाव्याची होती. डोकावणाऱ्यांना चकवण्यासाठी त्याने स्वतः बसवलेली, बायकोलाही न सांगता. त्याने मला ओळखले. बोल ना, असे मला झाले.

पण ड्वेन टक लावून बघत होता. ऑर्व्हिलने मला खाली ठेवले आणि चारचौघांना ऐकू जाईल असे म्हणाला, "नकली आहे. दोन भोकं आरपारच नाहीत."

ड्वेन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळताच तो लोर्नाला हळूच म्हणाला, "माझाच आहे. पण ओळखला असं दिसलं की हा किमतीला अडून बसेल. खाऊन येऊ."

"डॅडी, आत्ताच घे ना."

"तुला ही माणसं ठाऊक नाहीत."

ते गेले. ड्वेनला म्हातारा जाणकार वाटला होता. नकली मालाचा बोभाटा नको म्हणून त्याने मला शेजारच्या मार्गोला देऊन टाकले. ती जुन्या भागांचे टेबलावरचे दिवे बनवते. तिने तिथेच माझ्या तळाला वायरीसाठी भोक पाडले. मला तडा गेला, थेट गळ्यापर्यंत; इंजिनावर बसायच्या कामाचा मी उरलो नाही.

ऑर्व्हिल परतला, तेव्हा हनुवटीवर हॉट डॉगवरची मोहरीची चटणी तशीच होती. मला मार्गोच्या हातात पाहून त्याने तड्यावरून बोट फिरवले.

"हा माझा आहे," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी बनवलाय."

ड्वेनने डोळे बारीक केले. "आजोबा, मघाशी तर नकली म्हणालात. आता कशावरून खरं मानायचं?"

मित्रांनो, जुन्या वस्तूला चकाकी आणण्याआधी तिच्या अंगावरची खूण बघा. आणि आपले जे आहे ते ओळखू आले, तर तिथल्या तिथे, मोकळेपणाने सांगा.

लोर्नाने मार्गोकडून मला विकत घेऊन घरी आणले. आता मी त्या गाडीशेजारी दिवा म्हणून जळतो. दुसरा इंजेक्टर बसवायला म्हातारा अखेर राजी झाला, तेव्हा फार उशीर झाला होता. इंजिन सुरू झाले, भिंती थरथरल्या, आणि ऑर्व्हिल लोर्नाच्या तोंडाकडे बघत विचारत राहिला, "झालं का सुरू?"