जाऊबाईंच्या दाराशी

चार वर्षांपूर्वी करोनाने मला आणि थोरल्या जाऊबाईंना माडीवरच्या एकाच खोलीत कोंडलं होतं. त्याआधी आम्ही कामापुरतंच बोलायचो. त्या सतरा दिवसांत पोटभर बोललो. खाली आल्यावर मात्र पुन्हा कामापुरतंच.

काल त्यांना परत करोना झाला आणि त्याच खोलीचं दार लागलं. मला तेव्हासारखं त्यांच्याजवळ बसायचं होतं. मी हक्काने आत निघाले, तर त्यांना तपासून बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, "पहिल्या आजाराची प्रतिकारशक्ती लागण काही महिनेच टाळते. आजार जिवावर बेतू नये एवढं बळ जास्त टिकतं, पण तुमच्या वयात त्या भरवशावर राहू नका."

"ऐक गं त्यांचं," जाऊबाई आतून खोकत म्हणाल्या. "तुझ्या देवाला पाठव आत, त्याला काही होत नाही."

मी दाराबाहेर खुर्ची ओढली आणि संध्याकाळची नेमाची प्रार्थना तिथेच म्हणायला बसले. मध्येच त्यांचा खोकला ऐकून मी थांबले.

आतून पुढची ओळ आली. बेसूर, पण बिनचूक.

"अहो, तुम्हाला पाठ आहे?"

"सतरा दिवस दुसरं काय पडत होतं कानावर? म्हण पुढे."