आप्पांचे बारा इंची डबे

१९९६ साली आमच्या धर्मापुरीत सगळ्या वस्तू लहान व्हायला लागल्या होत्या आणि मला नेमकी मोठी वस्तू हवी होती. माझं नशीबच उफराटं.

माझे वडील शंकरप्पा यांचं स्टँडवर वीस वर्षं हॉटेल होतं. चहा बेताचाच, पण कोपऱ्यात दोन उंच लाकडी स्पीकर होते. आप्पा त्यांना डबे म्हणत. त्यांच्यावर लागणाऱ्या भजनांसाठी लोक हातातली एसटी मुद्दाम सोडायचे. हॉटेल बंद झालं, डबे विकले गेले, आणि पुढे आप्पांचे कान गेले. नवऱ्याघरून परत आलेली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई; घरात आम्ही दोघंच. आप्पांना सहीपलीकडे अक्षर येत नाही, त्यामुळे लिहून दाखवायची सोय नव्हती. कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. "आप्पा, भाजीत मीठ हाय का?" असं मी विचारलं की उत्तर अख्खी गल्ली द्यायची. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते शिट्टी मारायचं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी ते काढून देवळीत ठेवलं.

दिवाळीनंतर एका लग्नात ते मांडवातल्या मोठ्या स्पीकरपुढे बसले होते. मी त्यांना जेवायला उठवायला गेले, तर हे मांडीवर ठेका धरून बसलेले, आणि तेही बरोब्बर तालात!

"गंगे," म्हणाले, "डग्गा ऐकू यायलाय."

तबल्यातला तो मोठा, खर्जातला डग्गा. तीन वर्षांत मी न ओरडता त्यांनी ऐकलेली ती पहिली गोष्ट. मला भरमांडवात रडू आलं. त्याच दिवशी ठरवलं, घरात डबे आणायचे.

अंबाजोगाईच्या दुकानदारानं चंदेरी प्लास्टिकचा सेट पुढे ठेवला. त्यावर हजार वॉटचा कागद चिकटवलेला, पुढे लाल-हिरवे दिवे नाचत होते. आवाज नुसता किरकिरा.

"यात डग्गा कुठाय?" मी विचारलं.

"ताई, आता डग्गा कोण ऐकतंय? रिमोट बघा की!"

मोठे स्पीकरही होते, पण त्यांच्या किमतीत माझे चार पगार गेले असते. दुसऱ्या दुकानात म्हणाले, साहेबांना घेऊन या, बायकांना यातलं कळत नाही. मी म्हटलं, साहेबांना आणायचं तर मला अकरा वर्षं मागं जावं लागेल. तसे डबे त्याच्याकडेही नव्हते.

महिनाभर मी शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची. शेवटी परळीत बंकट रेडिओवाला भेटला. त्याच्याकडे एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे दोन डबे होते. कमरेइतकं उंच लाकडी खोकं, आत आवाजासरशी थरथरणारा बारा इंची कागदी पडदा. जुन्या अँप्लिफायरसकट अडीच हजारांत द्यायला तयार झाला.

"बाई, एकच सांगतो," बंकट म्हणाला, "हळू वाजवा. पडदा जुना हाय. असला कागद आता कुठंच मिळत न्हाई."

एसटीच्या टपावरून डबे घरी आले. आप्पांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि पाट ओढून पुढ्यात बसले. मी भजनाची कॅसेट लावली. त्यांचा हात मांडीवर पडला. "हा पखवाज," म्हणाले, "आन् आता तबला आला बघ." पुढं दोन महिने ते रोज तिथंच बसायचे. मध्येच गुणगुणायचे, आणि हसायचे. आप्पांना असं हसताना पाहून मला काय वाटायचं ते मला सांगता येत नाही. घर भरल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीत ते आठ दिवस आत्याकडे उदगीरला गेले. जाताना बजावून गेले, "डबे कुणाला देऊ नको, गंगे."

तिसऱ्या दिवशी हनुमान आला. भिंतीला भिंत लागून त्याचं घर, आणि जिल्हा परिषदेला उभ्या असलेल्या अर्जुनराव साहेबांचा तो उजवा हात. माणूस वाईट नाही. आप्पांना ताप आला तेव्हा यानंच पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता.

"बाई, साहेबांनी डबे मागितलेत. प्रचाराला. भोंगे समद्यांकडंच हायेत, असला आवाज कुणाकडंच न्हाई."

"ते आप्पांचे हायेत. लई नाजूक हायेत."

"बरं," म्हणत तो उठला. दारात चप्पल घालता घालता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "निवडणूक झाली की बदल्यांची यादी निघायलीय म्हणं. आष्टीकडं लई जागा रिकाम्या हायेत."

आष्टी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मी तिकडे गेले तर आप्पांच्या कानाशी ओरडणार कोण? त्यांच्या ताटात भाकरी कोण कुस्करणार? माझ्याकडे नाही म्हणायला तोंड होतं. ते मी वापरलं नाही. उलट डबे जीपवर चढवताना एक बाजू मीच धरली.

चार दिवस जीप गावोगाव फिरली, आवाज पार शेवटपर्यंत चढवून. धर्मापुरीत आली तेव्हा मी वर्गात पाढे घेत होते. पहिल्या दिवशी डग्गा शाळेपर्यंत आला. चौथ्या दिवशी नुसती फरफर. पोरं हसली. मी त्यांच्यावर उगाच खेकसले.

डबे परत आले ते फाटक्या पडद्यानं. हनुमान ओशाळून उभा होता. हातात पेढ्यांचा पुडा. "साहेबांचं वारं लई हाय, बाई," म्हणाला.

बंकटनं दोन दिवसांत नवे पडदे बसवले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवाज निघंल. पर खालचा, डग्ग्याचा आवाज आता येणार न्हाई."

आप्पा उदगीरहून आले आणि हातपाय धुऊन थेट पाटावर बसले. कॅसेट लावली. मला सगळं ऐकू येत होतं. टाळ, पेटी, बुवांचा आवाज, सगळं कसं लख्ख. खाली मात्र काहीच नव्हतं. आप्पांचा हात मांडीवर तसाच पडून राहिला. त्यांनी पाट पुढे सरकवला. मग डब्याच्या जाळीला कान लावला. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी त्यांनीच हात वर करून बंद कर म्हणून खुणावलं.

"गेले गं कान," म्हणाले. "उरलेसुरले होते, तेबी गेले."

मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तू कावून रडायलीस? डबे चांगलेच हायेत. तुझं काई चुकलं न्हाई."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं. पण ते ओरडून सांगावं लागणार होतं, आणि भिंतीपलीकडे ओट्यावर हनुमान बसला होता. यादी अजून निघायची होती. तो तिथं नसता तर मी सांगितलं असतं का? खरं सांगते, मला माहीत नाही.

"आप्पा, उद्या डॉक्टरकडं जाऊ!" मी ओरडले.

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेस्तोवर.

ओट्यावरून हनुमानचा आवाज आला, खऱ्या काळजीचा. "बाई, सकाळी जीप पाठवू का?"

"पाठवा," मी म्हणाले.