घट्ट रक्तातली मालन

माझं रक्त मर्यादेपेक्षा घट्ट झालं की त्यात मालन सायकल चालवायला लागते. पहिल्यांदा ती डाव्या दंडातून वर आली तेव्हा मी भाकरी भाजत होतो. भाकरी करपली. मालन माझी बायको. दोन वर्षांपूर्वी आंबोली घाटाच्या उतारावर ती गेली. आम्ही दोघंही लांब पल्ल्याच्या शर्यती मारायचो. चढावर ती माझ्यापुढे असायची आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

रक्त घट्ट करायचं इंजेक्शन मगदूमसर देतात. ते आमचे कोच. इंजेक्शन घेतलं की तांबड्या पेशी वाढतात, दम टिकतो. बाकीची पोरं ते जिंकण्यासाठी घेतात. मला पदकाशी काही देणंघेणं नव्हतं. रक्त घट्ट झालं की आत घाट तयार व्हायचा, आणि घाट लागला की मालन बोलायची.

"आवो, पोट सुटलंय तुमचं," बरगडीखालून जाताना ती म्हणायची. "हितनं जाताना अंग चोरावं लागतंय."

मी रात्रीचं जेवण सोडलं.

मग एका शर्यतीच्या सकाळी रक्ततपासणीला माझं नाव निघालं. सापडलो तर बंदी. बंदी आली की मगदूमसर इंजेक्शन देणार नाहीत, रक्त पातळ होईल आणि मालन दुसऱ्यांदा जाईल. मी मगदूमसरांना गाठलं.

"मिठाचं पाणी पी," मगदूमसर म्हणाले. "रक्त पातळ दिसतंय. सगळीच पितात, तू काय जगावेगळा हाईस व्हय?"

मी कळशीभर प्यायलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आत भरती आली. घाटाची वळणं एकेक करून बुडाली आणि सगळीकडे सपाट पाणी झालं.

"चढ कुठं गेला ओ?" मालन खूप लांबून म्हणाली. "मला रस्ताच दिसंना."

मला रडू फुटलं. पण डोळ्यांतलं पाणी बाहेर न येता आतच उतरलं आणि भरती आणखी वाढली.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर कुंभोजकर होते. रक्त काढण्याआधी पाय जमिनीला टेकवून स्वस्थ बसायचा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. मी बसलो. जसजसा बसलो तसतशा भिंती जवळ आल्या. शेवटी टेबलाला जागा उरली नाही, तेव्हा डॉक्टरांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. मग चष्मा वर करून त्यांनी माझी शीर निरखली.

"नवीन पेशी जवळजवळ नाहीतच," ते म्हणाले. "शर्यतीआधी औषध बंद केलं की हाडं पेशी बनवायची थांबतात. सगळ्या जुन्याच आहेत. पाण्यानं हे झाकलं जात नाही."

"नव्या पेशींनी मालनला पाहिलेलंच नाही," मी म्हणालो. "त्या घेऊन मी काय करू?"

"मालन म्हणजे?"

"बायको."

"त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुई घातली.

त्या पाण्यात तेवढी एकच वाट वर जात होती. मालनला ती दिसली.

"तिकडं नको!" मी ओरडलो. पण चढ दिसल्यावर ती कधी कुणाचं ऐकते का? पॅडलवर उभी राहून ती सुईतून वर गेली आणि काचेच्या नळीत उतरली. तांदळाच्या दाण्याएवढी, लालभडक. दंड एकदम गार पडला. इतकी आठवण मला ती गेली त्या दिवशीही आली नव्हती.

डॉक्टरांनी दुसरी नळी लावली. मी मान खाली घातली, कोपरातल्या सुईशी वाकलो आणि तिच्यामागे निघालो. सुई अरुंद होती, खांदे घासले. बाहेर आलो तर समोर काच. काचेपलीकडे खुर्ची रिकामी होती आणि डॉक्टर ती पुसून घेत होते.

"मला तिच्या नळीत घाला," मी म्हणालो.

"एक नमुना दिल्लीला जातो, एक इथं राहतो," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही एकत्र ठेवत नाही आम्ही."

त्यांनी मला बर्फाच्या पेटीत उभं केलं. शेजारच्या पेटीचं झाकण अजून उघडं होतं. तिथं मालन वाकून सायकल मारत होती. तिचा डावा हात पाठीमागे होता आणि बोटं हलत होती. मागच्याला जवळ बोलवायची आम्हा सायकलवाल्यांची ती खूण. मी पॅडलवर उभा राहिलो.