ज्याची त्याची बॅग

अंथुर्ण्याचा सुयोग बारामतीत ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला होता. काम नळ्या विकायचं, पण त्यासाठी भाषणं फार करावी लागत. गावोगावच्या मेळाव्यात माइक हातात आला की तो म्हणे, "मित्रांनो, जेवढं लागतं तेवढंच द्या. थेंबभर जास्त नको, थेंबभर कमी नको." सहा-सात वर्षं हेच बोलून बोलून जगातल्या सगळ्या अडचणींवर हेच औषध आहे अशी त्याची खात्री झाली होती. आमटीत मीठ जास्त पडलं तरी तो ठिबकवर यायचा.

त्या मे महिन्यात त्यानं जाहीर केलं, की घरातल्या सगळ्यांनी चार दिवस गुहागरला जायचं, आणि हलकं जायचं.

हलकं जाण्याला कारण होतं. मागच्या वर्षी ते तुळजापूर-अक्कलकोटला गेले तेव्हा गाडीत माणसं पाच आणि सामानाचे नग चौदा होते. मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं. वाटेत एका वळणावर लोणच्याची बरणी सुयोगच्या मांडीवर लवंडली, आणि पुढचे दोन दिवस देवळाच्या रांगेत पुढचा माणूस मागं वळून वास घेत होता. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, की पुढच्या वेळी सामानाला ठिबक लावायचं.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नियम आले. प्रत्येकी एकच बॅग, वजन सात किलोच्या आत. आपली बॅग आपण भरायची. दुसऱ्याची एकही वस्तू आपल्या बॅगेत घ्यायची नाही. खाण्याचे डबे नाहीत. खाली त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, कारण मेळाव्याच्या शेवटी तो हात जोडायचा.

त्याची बायको राजेश्वरी गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. वरून आलेलं परिपत्रक कसं वाचायचं हे बारा वर्षांत तिला पक्कं कळलं होतं. लिहिलंय तेवढं करायचं, आणि लिहायचं राहिलंय ते आपल्या डोक्यानं करायला जायचं नाही. तिनं ग्रुपवर एकच शंका विचारली, "कपडे, औषधं, दाढीचं सामान, सगळं ज्याचं त्यानंच ना?"

सुयोगनं अंगठा पाठवला.

"अंगठा नको, शब्दांत लिहा," तिनं कळवलं.

"होय. ज्याचं त्यानं," सुयोगनं लिहिलं.

राजेश्वरीनं तो निरोप जपून ठेवला.

सुयोगचे वडील सोनबा या नियमांवर बेहद्द खूश झाले. धनगराचं घर. त्यांच्या तरुणपणी मेंढरं होती, आता त्या जागी डाळिंबाची बाग होती. ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागले, "आमी दिवाळी झाली की कळप घिऊन कोकणात उतरायचो. सहा-सहा म्हयने. माणसं आठ, आन् सामान? एक घोडी! आख्खा संसार एका घोडीवर. आन् ही आजची लोकं! चार दिसाला ह्यास्नी टेम्पो लागतोय."

त्यांची बायको भामाबाई आत शेंगा फोडत होती. तिनं मान वर करून एकदा ओट्याकडं बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

दरम्यान सुयोग बारामतीला गेला आणि सामान कमी करायचं सामान घेऊन आला. एकसारख्या पाच बॅगा, बॅगेत ठेवायच्या चेनच्या पिशव्या, हवा काढून कपडे चपटे करायच्या पिशव्या, ती हवा काढायचा पंप, घडी होणारी बाटली, मानेखाली घ्यायची उशी आणि बॅग अडकवून तोलायचा एक छोटा काटा. हलकं होण्याचा हा पसारा ठेवायला राजेश्वरीला ज्वारीची एक कोठी रिकामी करावी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बॅगा भरल्या. सुयोगनं आपली बॅग आयुष्यात पहिल्यांदा भरली आणि त्याला वीस मिनिटं लागली. बायका यासाठी दोन-दोन दिवस का घालवतात, हे त्याला कळेना. दोन जीन्स, तीन टी-शर्ट, गॉगल, गाण्यांचा स्पीकर आणि कमीत कमी वस्तूंत सुखानं जगायचं कसं यावरची दोन जाडजूड पुस्तकं. सोनबांनी घोंगडं घेतलं, नवा फेटा घेतला, पानाची चंची, बॅटरी आणि भाजलेल्या शेंगांची पिशवी घेतली. राजेश्वरीनं त्यांच्यापुढं गोळ्यांची पाकिटं आणून ठेवली. "मामा, ही सकाळची, ही जेवल्यावरची. तुमच्याजवळ ठेवा." सोनबांनी ती पानाच्या चंचीत घातली.

नव्या काट्यात सेल नव्हते. म्हणून डाळिंबाचे क्रेट तोलायच्या काट्यावर बॅगा चढल्या. सोनबांची सहा किलो भरली, सुयोगची पाच. बारा वर्षांच्या लेकीची, वैष्णवीची चार. राजेश्वरीची तीन. भामाबाईनं नवी बॅग घेतलीच नव्हती. तिनं आपली वायरची पिशवी काट्यावर ठेवली. काटा दोनच्याही अलीकडं थांबला.

सुयोगनं त्याचा व्हिडिओ काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. "मित्रांनो, अडुसष्ट वर्षांच्या माझ्या आईकडून शिका!" पन्नास जणांनी हात जोडले. मागच्या वर्षी याच सासू-सुनेजवळ दहा नग होते आणि यंदा पाच किलोत कसं भागलं, हे पन्नासातल्या एकानंही विचारलं नाही. सुयोगनंही नाही.

पहाटे निघाले. फलटण झालं, सातारा झालं. उंब्रजला सुयोगनं मिसळ खाल्ली, आणि पाटणच्या जवळ त्याची छाती जळायला लागली.

"राजे, ती पित्ताची गोळी दे बरं."

"तुमच्या बॅगेत असंल."

"माझ्या बॅगेत कुठून येईल?"

"मग नसंल," राजेश्वरी शांतपणे म्हणाली आणि खिडकीतून बघू लागली.

एरवी असं व्हायचं, की त्यानं छातीवर हात ठेवला की मागच्या सीटवरून गोळी पुढं यायची, पाठोपाठ पाण्याची बाटली यायची. आज काहीच आलं नाही. गाडी थांबवून तो सोडा प्यायला. मग सोनबांना भूक लागली. हॉटेलातला भात त्यांना चालत नव्हता आणि भाकरीचा डबा नियमात बसत नव्हता. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत ते शेंगा खात राहिले. मधेमधे बोट दाखवून म्हणत, "हितं आमचा मुक्काम असायचा. ह्या वड्याला पानी असायचं." टरफलं टाकायला दुसरी पिशवीही नव्हती, ती त्यांनी फेट्याच्या सोग्यात बांधली.

दुपारी तीनला गुहागरला पोचले. नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती निवासाचं ठिकाण होतं, पुढं ऐसपैस पडवी. उकाड्यानं अंगाच्या धारा लागल्या होत्या. सुयोग आंघोळीला गेला. रोजच्या सवयीनं त्यानं अंगावरचे सगळे कपडे बादलीत भिजवले, डोक्यावर पाणी घेतलं आणि आतून हाक मारली.

"राजे, टॉवेल!"

"कुणाचा?" बाहेरून राजेश्वरीनं विचारलं.

"कुणाचा म्हणजे? माझा!"

"तुमच्या बॅगेत बघते." चेन उघडल्याचा आवाज आला. "पुस्तकं हायेत दोन. स्पीकर हाय. टॉवेल न्हाय."

"मग तुझा दे."

"माझा मी वापरलाय, वला हाय. आन् नियम नंबर तीन."

आत जरा वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं.

"बरं, चड्डी-बनियन तरी दे."

"ते पण न्हाय अहो. मी सगळं काढून बघितलं."

"असं कसं? दरवेळी असतंय की!"

"दरवेळी मी भरतीय," राजेश्वरी म्हणाली.

शेवटी तिनं बॅगेतून काढून दिलेल्या टी-शर्टनं त्यानं अंग पुसलं, कोरडी जीन्स तशीच चढवली आणि जपून पावलं टाकत बाहेर आला. पडवीत वैष्णवी तोंड दाबून हसत होती. तिच्या बॅगेत टॉवेल होता, पण तो मागायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याच्यानंतर सोनबा गेले. पन्नास वर्षं त्यांची एक पद्धत होती. आंघोळ करायची, अंगावरचं धोतर-सदरा भिजत टाकायचा आणि दाराच्या फटीतून हात बाहेर काढायचा. हातावर धुतलेलं धोतर यायचं. त्या दिवशीही त्यांनी हात बाहेर काढला. तो बराच वेळ रिकामाच हलत राहिला.

"अगं, धोतर दे की."

"मला काय म्हाईत कुठं हाय? तुमी भरलं असंल," भामाबाई म्हणाली.

"मी कशाला भरतोय? मी कदी भरलंय?"

"त्येच तर."

बॅगेत दुसरं काही नव्हतं. सोनबा अंगाला घोंगडं गुंडाळून बाहेर आले आणि पडवीच्या कोपऱ्यात बसले. मे महिना, कोकण, वर काळं घोंगडं. कपाळावरून घाम गळत होता, पण घोंगडं सोडायची सोय नव्हती. त्यांना राग आला.

"एवढं एक ध्येनात ठिवता आलं न्हाय तुला? आमी सहा-सहा म्हयने एका घोडीवर..."

"घोडीवर बांधायचं कोन?" भामाबाईनं मधेच विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "रोज सकाळी बांधायचं, रोज सांजच्याला सोडायचं. पीठ, मीठ, भांडी, वाकळा, पोरांची फडकी, कोंबड्या, लहान कोकरं, जातं सुदिक. तुमी काठी खांद्याव घिऊन मेंढरांम्होरं जायचा. मुक्कामाला यायचा तवर चूल पेटल्याली, पानी भरल्यालं. तुमास्नी वाटायचं, सामानच न्हाय."

सोनबा आठवून बघत होते. घोडीचा रंग आठवला, तिच्या कपाळावरचा पांढरा टिळा आठवला. पण तिच्या पाठीवरची एखादी गाठ आपण कधी सोडल्याचं काही केल्या आठवेना. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "घोडी मातर गुणाची व्हती."

"व्हय. तिला बोलता येत नव्हतं," भामाबाई म्हणाली.

सुयोगनं गाडीची किल्ली उचलली आणि वडलांसाठी धोतर बघायला बाजाराकडं निघाला.

"तर मग आमी समुद्रावर जाऊन येतो," राजेश्वरी म्हणाली. पुरुषांसाठी थांबायचं म्हटलं तर त्यांचे कपडे दोरीवर होते आणि दमट हवेत ते काही लवकर वाळणार नव्हते. तिघी निघाल्या. पाठीला पिशवी नाही, हातात डबा नाही, कुणाची बाटली नाही.

"आजी, तू तर कोकणात किती वर्षं येत होतीस," वाटेत वैष्णवी म्हणाली. "समुद्र बघितलाच असशील."

"न्हाय गं. लोक सांगायचे, त्या डोंगराच्या पल्याड हाय म्हणून. तुझा आजा गेल्ता दोनदा गड्यांबरूबर. यिऊन सांगितलं, पानी खारट हाय." भामाबाई चालत राहिली. "आठ वरसं त्या अंगाला व्हते. जायाचं कवा? येक ना येक काम असायचंच."

सुरूच्या झाडांतून बाहेर पडल्या आणि एकदम समोर सगळं पाणीच आलं. भामाबाई थांबली. मग चपला काढून वैष्णवीकडं न देता तिथंच वाळूत टाकल्या आणि ओल्या वाळूवरून पाण्याकडं चालत गेली. लाट येऊन घोट्याला लागली तशी ती दचकली, हसली, आणखी दोन पावलं आत गेली. पण थोड्या-थोड्या वेळानं ती मागं वळून बघत होती.

"काय राहिलं का आत्या?" राजेश्वरीनं विचारलं.

"न्हाय. काय राहिलं न्हाय ना, त्येच बघतीया."

इतक्यात राजेश्वरीचा फोन वाजला. सुयोग दुकानातून बोलत होता. त्याचा माइकवरचा आवाज कुठं तरी गेला होता. "राजे, माझ्या बनियनचा नंबर किती असतो गं?"

"नव्वद."

"आणि हितं धोतर कुणी ठेवत न्हाय. पर्यटकांच्या त्या हाफ पँटी आहेत फक्त. आबांना कितीची लागंल?"

"अडतीसची घ्या, नाडीवाली. गडद रंगाची बघा. आन् टॉवेल दोन घ्या." फोन ठेवता ठेवता तिनं पुन्हा सांगितलं, "पित्ताची गोळी पण घ्या. सकाळपास्नं छाती चोळताय."

फोन ठेवून ती सासूच्या शेजारी जाऊन पाण्यात उभी राहिली. तिघींनी भेळ खाल्ली. वैष्णवीनं आजीला वाळूत गुडघ्यापर्यंत पुरलं, आणि भामाबाईनं पुरू दिलं. ऊन उतरेपर्यंत त्या परतल्या नाहीत.

त्या वाडीत शिरल्या तेव्हा पडवीत सोनबा ताठ बसले होते. डोक्याला नवा कोरा फेटा, अंगात सुयोगचा टी-शर्ट आणि खाली नारळाची झाडं छापलेली हिरवीगार हाफ पँट. गडद रंगात तेवढी एकच होती. गुडघ्यांवर त्यांनी घोंगडं ओढून घेतलं होतं. सुयोग दोरीवरची धोतराची टोकं चाचपून बघत होता.

"एवढा येळ?" सोनबा म्हणाले. "आमी हितं कवाधरनं चहाची वाट बघतोय."

"मालकीणबाईंस्नी सांगायचं की," भामाबाई पायरीवर बसून पायाची वाळू झाडत म्हणाली. "आन् आमाला पण एकेक सांगा."

सोनबांनी लेकाकडं बघितलं. सुयोग पाच चहा सांगायला आत गेला.

"उद्या सकाळी पुन्ना जायाचंय आमाला," भामाबाईनं सांगितलं. "तुमची कापडं वाळली, तर चला बरूबर."